गोवर लपवू नका, कळवा!

शहागंजच्या मंडईपासून जवळच माझा दवाखाना आहे. २०२२ च्या हिवाळ्यात एक आजी दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. चार दिवस ताप, लाल डोळे, वाहते नाक, खोकला आणि कानामागून चेहऱ्यावर उतरलेले तांबडे पुरळ. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सुई देऊ नका. गोवर आतल्या आत दबेल."

मी सुई दिली नाही. तापाचे औषध दिले, चार सूचना केल्या. पण एक काम राहून गेले. या मुलाची माहिती मी महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवली नाही. एकाच मुलाचे काय कळवायचे, असे वाटले. बारा दिवसांनी त्याच गल्लीतली तीन मुले आली. त्यातले एक आठ महिन्यांचे होते आणि न्यूमोनियाने त्याला धाप लागली होती. त्याला तातडीने घाटीत पाठवावे लागले. बाळ वाचले, पण माझी चूक माझ्या लक्षात राहिली.

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तास तो तेथे टिकू शकतो. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुढे चार दिवसांपर्यंत रुग्ण इतरांना आजार देतो. म्हणजे घरच्यांना गोवराची शंका येण्याआधीच तो शेजारी पोहोचलेला असतो. लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते.

मग रुग्ण मोजून काय साधते, असे वाचक विचारतील. गोवर जेथे लस पोहोचलेली नाही तेथेच डोके वर काढतो. म्हणून रुग्णांची नोंद म्हणजे लसीकरणातली भोके दाखवणारा नकाशाच होय. ताप आणि पुरळ असलेल्या मुलाची माहिती कळली की आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना तपासणीला पाठवतात, आसपासची घरे पाहतात आणि लस चुकलेली मुले शोधतात. एका भागात चार आठवड्यांत पाच संशयित रुग्ण आढळले, तर उद्रेकाची शंका धरून तपास सुरू होतो. मी वेळीच कळवले असते, तर त्या गल्लीत आशाताई बारा दिवस आधी पोहोचल्या असत्या.

त्याच वर्षी मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा मोठा उद्रेक झाला, मुले दगावली. कोरोनाच्या काळात अनेक बालकांच्या लसी राहून गेल्या होत्या. आफ्रिकेतल्या काँगो देशात २०१९ पासून वर्षभरात सहा हजारांहून अधिक लोक गोवराने मेले. त्यात बहुसंख्य लहान मुले होती. देश दूरचा असला, तरी कारण तेच : लसीविना राहिलेली मुले.

आपल्याकडे गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. पहिल्या डोसाने शंभरांपैकी सुमारे ८५ बालकांना संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी दुसरा डोस आवश्यक आहे. लस चुकली असेल, तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. नऊ महिन्यांखालच्या बाळांचे काय? त्यांचे रक्षण भोवतालच्या मुलांनी घेतलेली लसच करते. म्हणूनच शंभरांतील किमान ९५ मुलांचे दोन्ही डोस पूर्ण हवेत. घाटीत गेलेले ते बाळ लसीच्या वयाचेही नव्हते.

"सुईने गोवर दबतो" हा समज खोटा आहे. मुलाला उपाशी ठेवू नका. अंगावरचे दूध, पेज, वरण-भात चालू ठेवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस द्याव्यात. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचण्यास मदत होते. धाप लागणे, झटके, सतत गुंगी, दूध न ओढणे, डोळ्यांवर पांढरेपणा यांपैकी काहीही दिसले, तर थेट रुग्णालय गाठा. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला शाळा-अंगणवाडीत पाठवू नका.

घरात ताप-पुरळ असेल, तर आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. त्यात लाज नाही आणि कोणी दंडही करत नाही. आज घरी गेल्यावर मुलांची लसीकरणाची कार्डे काढा आणि गोवराचे दोन्ही रकाने भरले आहेत का ते पाहा. एखादा रिकामा असेल, तर पुढच्या लसीकरणाच्या दिवसाची वाट चुकवू नका.