किकआधीची धाव

संकेश्वरची काही पोरं फुटबॉलसाठी गडहिंग्लजला जातात. बांद्याच्या रस्त्यानं जेमतेम पंधरा किलोमीटर. मध्ये राज्याची हद्द लागते, ती खेळाच्या आड येत नाही. त्यातल्या एका गोलकीपरचा सराव मी बघत होतो.

बाजूनं आलेला उंच चेंडू त्यानं छातीशी घेतला आणि जागेवरून न मारता तिरका उजवीकडं पळाला. "उडवू नकोस रे, नुसता सोड!" सर ओरडले. चेंडू हातानं वर उडवला की वाऱ्यावर हलतो आणि पाय चुकतो. म्हणून कमरेच्या उंचीवरून, शरीरापासून थोडा लांब सोडायचा, अंग एका बाजूला झुकवायचं आणि पाय आडवा फिरवून बुटाच्या नाडीच्या भागावर घ्यायचा. चेंडू आभाळात न जाता सपाट, वेगानं जातो. उंच किकला टाळ्या पडतात, पण तो चेंडू खाली येईपर्यंत समोरचे बचावपटू आरामात जागा धरतात. मला ही सपाट किकच खरी कामाची वाटते.

पळायला मोकळीक थोडी. चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतच हातातून सुटायला हवा. 2025 पासून तो हातात धरायला आठ सेकंद मिळतात; शेवटची पाच पंच हात वर करून मोजतो. वेळ उलटली की प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर. आधी मर्यादा सहा सेकंदांची होती आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची, पण पंच ती क्वचितच देत.

अमेरिकन फुटबॉलमधला पंटरही कधी असाच बाजूला पळत किक मारतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. तीन फसले की चौथ्याला बहुधा पंट, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लांब मारणं. पळण्यात त्याचे दोन फायदे: साथीदारांना पुढं जायला वेळ मिळतो, आणि वाट मोकळी दिसली तर किक न मारता स्वतःच चेंडू घेऊन धावता येतं. मात्र डाव जिथून सुरू झाला ती रेषा ओलांडली की किक मारता येत नाही. तिथल्या कॉलेजच्या नियमांत तर चेंडू घेऊन फार बाजूला गेलेल्या पंटरचं धडकेपासूनचं खास संरक्षणही जातं.

आपल्या गोलकीपरचं तेच. चेंडू हातात आहे तोवर कुणी त्याच्याशी झटापट करू शकत नाही. पायाशी टाकला की तो इतर दहा जणांसारखाच. दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत चेंडू पुन्हा उचलताही येत नाही.

पोरानं पुढच्या खेपेला किक मारलीच नाही. समोरचा फॉरवर्ड विंगरच्या वाटेत सरकलेला दिसला, तसा पाय उचलता उचलता थांबला. चेंडू जमिनीवर सोडला, क्षेत्राबाहेर नेला आणि उजव्या बचावपटूला दिला. तेवढ्या पावलांत इतकं ओळखणं, हे मला त्याच्या सगळ्या लांब किकांपेक्षा मोलाचं वाटलं. सर त्याला काही बोलले नाहीत. ओरडले ते विंगरवर: किक सुटायच्या आधीच तो शेवटच्या बचावपटूच्या पुढं जाऊन उभा होता. गोल किकवर ऑफसाइड नसतो, हातातल्या किकवर असतो.