आधी रुग्णाला सांगा, मग सही मागा

फुप्फुसाच्या बळावलेल्या कर्करोगावरच्या एका क्लिनिकल ट्रायलचे निकाल मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने २०१९ मध्ये जाहीर केले. ईजीएफआर जनुकात दोष आढळलेले ३५० रुग्ण त्यात सहभागी होते. एका गटाला जेफिटिनिबची रोजची गोळी मिळाली, दुसऱ्याला गोळीच्या जोडीला केमो. कुणी कोणत्या गटात जायचं, याची निवड डॉक्टरांच्या हाती नव्हती. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, केमोची जोड मिळाल्यावर १६ महिने. पण गंभीर दुष्परिणामही २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले.

संमतीपत्रावर सही करताना हे आकडे कुणापुढेच नव्हते. कोणता उपचार सरस, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, तेव्हाच अशी चाचणी न्याय्य ठरते. नवं औषध दरवेळी जिंकतंच असंही नाही. निवोलुमॅब हे गाजलेलं इम्युनोथेरपीचं औषध २०१६ मध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगावर आधी उपचार न झालेल्या रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत केमोपेक्षा सरस ठरलं नाही.

'आपल्यावर प्रयोग करतील' ही धास्ती समजण्यासारखी आहे. पण अशा चाचण्यांत तुलनेच्या गटालाही सहसा प्रचलित उपचार मिळतात. तरी विचारून घ्यावं: दुसऱ्या गटाला नेमकं काय मिळणार? स्कॅन आणि बायोप्सी किती वेळा? गावाहून किती खेपा, खर्च कुणाचा? भाग घेतला नाही तर कोणता उपचार होईल? क्लिनिकल ट्रायलसाठीच्या २०१९ च्या नियमांनुसार एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई मिळते आणि रुग्ण केव्हाही बाहेर पडू शकतो.

हे सगळे हक्क रुग्णाचे आहेत. आपल्याकडे मात्र 'बाबांना सांगू नका, ते खचतील' म्हणत घरचेच निर्णय घेतात. आजाराचं नाव असलेलं पान दुमडून बाबांपुढे फक्त सहीची जागा धरली, तर ती संमती नव्हे. वाढीव महिन्यांसाठी किती त्रास सोसायचा, हे ज्याला सोसायचं आहे त्यानेच ठरवायला हवं. संमतीपत्र घरी न्या, मराठीत मागा, त्यांच्यासोबत बसून वाचा. त्यानंतर बाबा हो म्हणोत वा नाही, त्यांच्या शब्दाचा मान राखा.