कल्पित राज्याला खरें गांव

कांहीं सुशिक्षित घरांतील तरुण मंडळी सुटीच्या दिवशीं एक निराळाच खेळ मांडून बसतात. पट नाहीं, सोंगट्या नाहींत. चार-सहा जण, थोडे कागद, आणि चार बाजूंच्या फांशापासून वीस बाजूंच्या फांशापर्यंत नाना तऱ्हेचे फांसे. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीच्यांनीं एकेक पात्र अंगीकारून 'आतां मी असें करतों' म्हणून बोलावयाचें, आणि जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें फांसा टाकावयाचा. घरांतील वडील मंडळींना हा पोरखेळ वाटतो. वास्तविक ह्या खेळाच्या निमित्तानें एखादें कल्पित राज्य उभें करावयाचें म्हटलें, तर इतिहासाचा जितका अभ्यास करावा लागतो तितका परीक्षेसाठींही सहसा कोणी करीत नाहीं.

ह्या प्रकारचा पहिला छापील खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या आधीं, १९७१ सालीं, गायगॅक्स व जेफ पेरेन यांनीं 'चेनमेल' नांवाचें एक पुस्तक काढलें होतें. मध्ययुगीन लढाया लहान लहान बाहुल्यांनीं टेबलावर कशा खेळाव्या ह्याचे नियम त्यांत होते, आणि शेवटीं राक्षस व मांत्रिक ह्यांची पुरवणी जोडलेली होती. मध्ययुगीन युरोप ह्या खेळांत शिरला तो असा रणांगणाच्या दरवाजानें. म्हणूनच अजूनही अशा राज्यांत किल्ले, चिलखतें, भाले आणि ढालींवरील चिन्हें यांची रेलचेल असते. पण त्या किल्ल्याला धान्य कोण पुरवितो, देवळाचा वांटा कोण गोळा करतो, मेलेल्या माणसाचें घराण्याशीं काय नातें राहतें, ह्याचा पत्ता नसतो. असें राज्य दोन बैठकींत फिकें पडतें. पात्राजवळ गमावण्यासारखें कांहीं नसतें. फार तर प्राण, आणि तोही कागदावरचा!

अशा सूत्रधारास आमची सूचना अशी, कीं त्यानें क्रेसी आणि आजँकूर येथील लढाया घटकाभर बाजूस ठेवाव्या व मोंतायूकडे वळावें.

मोंतायू हें फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वतांत, सुमारें तेराशें मीटर उंचीवर वसलेलें एक लहानसें खेडें. चौदाव्या शतकाच्या आरंभीं तेथें दोन-अडीचशें माणसें राहत असत. शेती, मेंढ्या आणि थंडी ह्यांपलीकडे तेथें विशेष कांहीं नव्हतें. तरीही त्या काळच्या युरोपांतील शेतकऱ्यांची जितकी आंतली माहिती ह्या गांवाची आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या गांवाची असेल. आणि त्याचें कारण मोठें दुःखद आहे. ह्या गांवांत कॅथर पंथाचे अनुयायी होते, व रोमच्या चर्चनें त्या पंथास पाखंड ठरविलें होतें. पामिये येथील बिशप झाक फूर्निये ह्यानें १३१८ पासून १३२५ पर्यंत ह्या डोंगरी मुलखाची चौकशी चालविली. ५७८ जबान्या झाल्या. गांवकरी आपल्या ऑक्सितान भाषेंत बोलत. लेखनिक तें लॅटिनमध्यें उतरवून घेत. हाच फूर्निये पुढें १३३४ सालीं बारावा बेनेडिक्ट म्हणून पोप झाला, आणि त्याचें हें दप्तर व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत सुरक्षित राहिलें. त्याच्या आधारें एमॅन्युएल ले रॉय लादुरी ह्या फ्रेंच इतिहासकारानें १९७५ सालीं मोंतायूवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

ह्या जबान्यांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे, ती म्हणजे घर. लॅटिनमध्यें 'दोमुस', लोकांच्या बोलींत 'ओस्तल'. भिंती, चूल, शेत, मेंढ्या, माणसें, अब्रू आणि पूर्वज हें सर्व त्या एका शब्दांत येई. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें फोड करून सांगण्याचें कारण नाहीं. गांवांत सर्वांत बलाढ्य घर क्लेर्ग मंडळींचें. त्या घरचा वृद्ध कर्ता पोंस क्लेर्ग वारला तेव्हां त्याच्या कपाळावरचे थोडे केंस व हातापायांच्या नखांचे तुकडे कापून घरांत जपून ठेवण्यांत आले. हेतु हा, कीं मृताबरोबर घराचें भाग्य निघून जाऊं नये. आतां सूत्रधारानें एवढेंच करावें: आपल्या कल्पित राज्यांत ही समजूत खरी आहे असें धरावें. प्रत्येक घरांत एक लहानशी पुरचुंडी आहे, आणि ती चोरीस गेली तर त्या घराच्या मेंढ्या मरतात, मुली परत येतात, भिंती खचतात. ड्रॅगनाच्या गुहेंतील सोन्यापेक्षां ही पुरचुंडी खेळणाऱ्यांस अधिक अस्वस्थ करील, असें आमचें मत आहे.

बरें, खलपुरुष कोण? ह्या बाबतींत मोंतायू फार उपयोगी आहे. क्लेर्गांचा एक मुलगा पियेर हा गांवचा पाद्री, दुसरा बेर्नार हा फ्वाच्या काउंटचा गांवांतील अधिकारी. म्हणजे देऊळ आणि दिवाण दोन्ही एकाच चुलीपाशीं. हे भाऊ अंतर्यामीं कॅथर पंथाचे पाठीराखे, आणि त्याच वेळीं कारकासॉनच्या धर्मन्यायसभेशींही त्यांचें संधान. १३०८ सालीं त्या सभेनें गांवांतील सगळीं मोठीं माणसें धरून नेलीं, पण पाद्रीबोवांचें वजन कमी झालें नाहीं. शेवटीं तेही १३२० सालीं अटकेंत पडले व कैदेंतच वारले. त्यांतच बिशपानें कोकरांवरील दशमांश कसून वसूल करण्यास आरंभ केलेला. धर्ममताचें भांडण कोठें संपतें आणि कोकराचें कोठें सुरू होतें हें सांगणें कठीण होतें. असा पाद्री ज्या खेळांत आहे तेथें तलवार उपसून कोणाचें काय भागणार?

कॅथरांचे उपदेशक मांस, अंडीं, दूध वर्ज्य मानीत. मासे मात्र चालत. आत्मा एका देहांतून दुसऱ्या देहांत, पशूंच्याही, हिंडतो अशी त्यांची श्रद्धा होती. युरोपांत हें मत वाचून आपल्याकडील वाचक चकित होईल. मरणोन्मुख माणसास ते एक संस्कार देत, आणि त्यानंतर पुष्कळदां त्यानें अन्न सोडून देह ठेवावा असें होई. आर्क येथील एका कुटुंबाची हकीकत ह्या जबान्यांत आली आहे. तान्ही मुलगी अत्यवस्थ झाली. हा संस्कार जाणत्या माणसासाठींच असूनही उपदेशकानें तो तिला दिला, व आतां हिला दूध पाजूं नये असें बजावून तो निघून गेला. बापास धन्यता वाटली. पुरुष मंडळी बाहेर पडतांच आईनें मुलीस पदराखालीं घेतलें. मुलगी त्या दुखण्यांतून वांचली. नवऱ्याचें मन मात्र बायकोवरून कित्येक दिवस उतरलें. हा प्रसंग, नांवें बदलून, खेळांत आणावा. पण तेथें फांसा टाकूं नये. खेळणाऱ्यानें स्वतः ठरवावें, आणि सूत्रधारानें बराच वेळ गप्प बसावें.

आर्नो सिक्र ह्याची कथाही अशीच. त्याच्या आईस पाखंडी म्हणून जाळलें व आक्स येथील तिचें घर जप्त झालें. तें घर परत मिळावें म्हणून हा मुलगा सरहद्दीपलीकडे आईच्याच पंथाच्या लोकांत जाऊन राहिला, त्यांचा विश्वास संपादिला, आणि श्रीमंत नातलग बाईची थाप देऊन गीयोम बेलिबास्त ह्या त्यांच्या अखेरच्या उपदेशकास त्यानें धरून दिलें. १३२१ सालीं बेलिबास्तला जिवंत जाळण्यांत आलें. आईच्या घरासाठीं आईचा धर्म विकणाऱ्या ह्या मुलास एका शब्दांत दुष्ट म्हणणें सोपें आहे. तें पात्र तीन तास स्वतः वठवून पाहावें, मग म्हणावें.

एक युक्ति तर ह्या दप्तरांतूनच सुचते. सूत्रधारानें पहिल्या बैठकीपासून एक वही ठेवावी. पात्रें चुलीपाशीं, उन्हांत उवा वेंचतांना, मेंढवाड्यांत जें सहज बोलतील तें निमूटपणें टिपीत जावें. पांचव्या-सहाव्या बैठकींत पात्र चौकशीस उभें राहिलें, कीं तीं वाक्यें त्यास वाचून दाखवावीं, आणि अमक्या दिवशीं हें तूं कोणाजवळ बोललास असें विचारावें. शेजारचें नांव घेतलें तर सुटका. न घेतलें तर घर जाईल.

परंतु हीं माणसें कोणा कादंबरीकाराचीं नव्हेत. तीं भीतीपोटीं बोललीं, आणि बोलल्याबद्दल शिक्षा भोगून गेलीं. फूर्नियेच्या चौकशींतून पांच जण जाळले गेले, कित्येक तुरुंगांत खितपत पडले, कित्येकांस कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून जन्म काढावा लागला. त्यांचीं खरीं नांवें घेऊन हास्यविनोद करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. त्यांचीं घरें, देणीं, भयें घ्यावीं. नांव व मुलूख आपला घालावा. आणि हें कोठून घेतलें तें खेळणाऱ्यांस आरंभींच सांगावें.

त्यांतून एक माणूस मात्र आहे तसाच उचलण्याचा मोह होतो. पियेर मोरी हा मेंढपाळ. त्याला स्वतःचें घर नव्हतें. हिवाळ्यांत घाट उतरून कातालोनियाकडे, उन्हाळ्यांत पुन्हां वर, असा त्याचा जन्म गेला. मित्र अनेक, धन काय तें मेंढ्या. बेलिबास्तचा तो सोबती होता. १३२४ सालीं त्यास कैदेची शिक्षा झाली, आणि त्यापुढें त्याचें नांव कोठें आढळत नाहीं. हें पात्र गटांत जो सर्वांत कमी बोलतो त्यास द्यावें.