दुकानाची दुसरी पाटी

दुकान मांडावयाचे म्हटले की दुकानदार प्रथम जागा पाहतो. रस्ता रहदारीचा असावा, पाटी लांबून वाचता यावी, हे व्यापाराचे जुने शहाणपण आहे आणि ते आजही खोटे ठरलेले नाही. परंतु आता गिऱ्हाईक घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच बाजारात एक फेरी मारून येते, आणि ती फेरी मोबाइलवर होते. हवे ते काम जवळपास कोण करतो, असे ते विचारते. नकाशावर जी दोन-तीन नावे आधी उमटतात, त्यांतील एकाकडे चालू लागते. ज्याचे नाव तेथे नाही, तो पन्नास पावलांवर असला तरी त्या गिऱ्हाइकापुरता नसल्यासारखाच.

ही उणीव अधिक जाणवते ती परप्रांतात धंदा करणाऱ्याला. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून निघून भारतभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांचेच उदाहरण घेऊ. जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करून देणे हा त्यांचा धंदा. समजा, त्यांच्यापैकी एकाचे दुकान कोइंबतूरच्या सराफी पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. पेठेतील चार सराफ त्याला ओळखतात. त्यांच्या शब्दावर त्याचा धंदा चालतो. पण नव्याने आलेला सराफ मोबाइलला विचारतो, आणि तेही तमिळमध्ये किंवा इंग्रजीत. 'गलाई' हा शब्द त्याच्या कानावरून गेलेलाही नसतो. मग ह्या कारागिराने काय करावे?

गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करण्याची सोय आज 'बिझनेस प्रोफाइल' ह्या नावाने चालते. नोंदणीस पैसे पडत नाहीत. नावांचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरतो, असे कंपनी सांगते : विचारलेल्या गोष्टीशी दुकानाची जुळणी, विचारणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाची ख्याती. पैसे भरून हा क्रम वर चढवता येत नाही. जाहिरात निराळी, ती जाहिरात म्हणूनच दाखविली जाते. तेव्हा 'पैसे द्या, पहिल्या क्रमांकावर बसवतो' असे सांगत कोणी आला, तर त्याला दारातूनच निरोप द्यावा.

ह्या तिहींपैकी अंतर आपल्या हाती नाही. परंतु नकाशावरील खूण नेमक्या दारावर पडली आहे की मागच्या गल्लीत, हे पाहणे आपल्या हाती आहे. पत्त्यात मजला लिहावा. जिन्याचे एखादे छायाचित्र जोडले, तर नवख्या माणसाचे चार हेलपाटे वाचतात.

जुळणीसाठी धंद्याचा प्रकार अचूक निवडावा लागतो. आपल्या कारागिराने 'दागिन्यांचे दुकान' असे नोंदविले, तर दागिने घेणारे येऊन परत जातील आणि सोने आटवून घेणारे येणारच नाहीत. कामाचे वर्णन गिऱ्हाइकाच्या भाषेत असावे. तेथे तमिळ आणि इंग्रजी शब्दच उपयोगी पडतील. नाव मात्र पाटीवर आहे तेच द्यावे. नावापुढे 'सर्वांत स्वस्त', 'सर्वोत्तम' अशी शेपटे जोडणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी नोंद स्थगित होऊ शकते. नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सगळीकडे एकसारखे ठेवावेत. वेळाही खऱ्या लिहाव्यात. दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला दुकान बंद ठेवून जावयाचे असेल, तर ती सुट्टी आधी नोंदवावी. बंद दारापर्यंत आलेले गिऱ्हाईक सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

तिसरी गोष्ट ख्यातीची. पूर्वी ती तोंडातोंडी पसरत असे. आता ती लिहिली जाते. समाधानाने परतणाऱ्या गिऱ्हाइकाला 'दोन ओळी लिहाल का?' असे विचारण्यात कमीपणा नाही. परंतु सवलतीचे आमिष दाखवून किंवा नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. कंपनीचा नियम त्याला मनाई करतो. शिवाय अशा अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आय. एस. १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे. कोणी तक्रार लिहिली, तर रागावून वाद घालू नये. काय घडले आणि आपण काय केले, हे शांतपणे लिहावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्याइतकेच पुढे येणारे गिऱ्हाईकही वाचणार असते.

श्रोतेहो, ही दुसरी पाटी गिऱ्हाइकाला जिन्यापर्यंत आणते. पुढचे काम तराजूने आणि जिभेने करावयाचे असते. ती नीट लागली आहे की नाही, हे पाहण्याचा उपाय सोपा आहे. आपले दुकान कधी न पाहिलेल्या एखाद्या स्थानिक माणसाला त्याच्या मोबाइलवर, त्याच्या भाषेत शोध घेण्यास सांगावे. मात्र हा शोध आपल्या नावाने नव्हे, तर आपल्या कामाने घ्यावा. नाव ठाऊक असलेला आपल्याला शोधून काढतोच. पाटी लावावयाची असते ती नाव ठाऊक नसलेल्यासाठी.