दम, बुडी आणि बॉइलचा नियम

मित्रांनो, आमच्या घाटनांदूरकडे (ता. अंबाजोगाई, जि. बीड) 'पोहायला येतं का?' असं विचारलं तर उत्तर मिळतं, 'विहिरीत येतं!' समुद्र आपल्यापासून रात्रभराच्या प्रवासावर. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली पोरं आठ दिवसांत सूर मारायला लागतात, आणि मग परीक्षा एकच : तळाचा मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. विहिरीची खोलीही आपण परसात मोजतो. एक परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची. तीन परस पाण्यातून गाळ आणणारा पोरगा म्हणजे गावातला हिरो.

याच उद्योगाला जगात 'फ्रीडायव्हिंग' म्हणतात. सिलिंडर नाही, नळी नाही, एका श्वासात खाली जायचं आणि त्याच श्वासात वर यायचं. आता कॉलेजच्या ट्रिपा मालवण-तारकर्लीला जातात, बोटीतून समुद्रात उतरायची संधी मिळते आणि विहिरीचा आत्मविश्वास उफाळून येतो. म्हणून हा लेख. घाबरू नका, फॉर्म्युला एकच आहे आणि तो तुम्ही अकरावीत पाठ केलेला आहे.

खाली गेल्यावर काय होतं?

पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीसवर ३, तीसवर ४. बॉइलचा नियम सांगतो, दाब गुणिले आकारमान कायम. म्हणजे वर ६ लिटर हवा भरून घेतली तर ती १० मीटरवर ३ लिटर, २० मीटरवर २ लिटर आणि ३० मीटरवर दीड लिटर होते. सगळ्यात मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होतो, हे लक्षात ठेवा. नवशिक्याला त्रास होतो तो इथंच, आणि पहिली तक्रार कान करतात.

कानाच्या पडद्यामागे हवेची छोटीशी पोकळी असते. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत ढकलला जातो. घशाकडून कानात जाणारी एक नळी आहे, तिच्यातून आत हवा पाठवली की दाब सारखा होतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारायची. कानात 'टक्' झालं की काम झालं. हे दुखायच्या आधी करायचं, दर मीटरला करायचं, आणि पहिली फुंकर पृष्ठभागावरच मारायची. नाही झालं तर वर यायचं. जोर लावायचा नाही, पडदा फाटू शकतो. सर्दी असेल त्या दिवशी बुडीला सुट्टी.

पोहायचा साधा गॉगल इथं चालत नाही, कारण नाक बाहेर राहतं आणि आतला दाब वाढवता येत नाही. डोळे ओढल्यासारखे होतात. नाक झाकणारा मास्कच हवा.

तज्ज्ञांचा हिशेब आणि शरीराचं उत्तर

पूर्ण श्वास सोडला तरी फुप्फुसात साधारण दीड लिटर हवा उरते. त्यापेक्षा जास्त दाबलं तर छाती चेपणार, म्हणजे ३० मीटर ही हद्द, असा जुना हिशेब होता. कागदावर बरोबरच! पण १९४९ साली रायमोंदो बुखर हा इटालियन माणूस ३० मीटर जाऊन आला आणि १९७६ साली फ्रान्सच्या झाक मायोलनं १०० मीटर गाठले. खोल गेल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि रिकामी होणारी जागा भरून काढतं, हे हिशेबात धरलेलंच नव्हतं. चेहरा पाण्यात बुडाला की हृदयाचे ठोकेही मंदावतात. सील आणि देवमाशात दिसणारी ही सोय थोड्या प्रमाणात आपल्यातही आहे. मॉडेलमध्ये एक टर्म विसरली की उत्तर कसं चुकतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

खरा धोका कुठे आहे?

आता नीट वाचा. दम कोंडल्यावर 'आता श्वास घेच' असं जे वाटतं, ते मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नाही, कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे वाटतं. ती अलार्म बेल आहे. विहिरीवर पैज लागली की पोरं आधी जोरजोरात वीस-पंचवीस श्वास घेतात. त्यानं रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण तो आधीच ९७-९८ टक्के भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टाकी भरली नाही, फक्त बेलची वायर कापली. मग दम टिकतोय असं वाटत असतानाच माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. धडपड नाही, हाक नाही.

वर येताना तर गणित आणखी फिरतं. समजा १० मीटरवर फुप्फुसातल्या हवेत ७ टक्के ऑक्सिजन उरला. दाब २ वातावरण, म्हणून त्याचा आंशिक दाब ०.१४ वातावरण, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या फुप्फुसात साधारण एवढाच असतो, म्हणून मस्त वाटतं. तोच ७ टक्के वर आल्यावर ०.०७ होतो आणि दिवा जातो. म्हणून बहुतेक लोक तळाशी नाही, शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर आल्यावर बेशुद्ध होतात. विहीर चार मीटरचीच आहे म्हणून निर्धास्त राहू नका; बेल बंद केली असेल तर तेवढं पाणीही पुरतं.

बोटीवर पहिल्यांदा

१. एकट्यानं कधीच नाही. एक खाली, एक वर, आणि वरच्यानं नजर हलवायची नाही. जोडीदार वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्याकडेच बघायचं.

२. शांतपणे दोन-तीन मिनिटं नेहमीसारखा श्वास, शेवटी एक पूर्ण श्वास, मग बुडी. नळी तोंडातून काढून टाकायची.

३. कमरेत वाकून डोकं खाली, पाय सरळ वर. पायांचं वजनच तुम्हाला खाली ढकलतं. सोडलेल्या दोराच्या कडेनं जा.

४. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. ७० किलोच्या माणसाला विहिरीपेक्षा जवळजवळ पावणेदोन किलो जास्त उचल मिळते. खाली जाणं जड वाटेल, पण म्हणून अंगाला दगड-बिगड बांधायचे नाहीत.

५. जितका वेळ खाली होता त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती.

६. मालवणला बहुतेक ठिकाणी मिळतं ते स्कूबा, फ्रीडायव्हिंग नव्हे. तिथला नियम बरोबर उलटा : श्वास रोखायचाच नाही. कारण १० मीटरवर सिलिंडरमधून भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट होते. स्कूबा केल्यावर त्या दिवशी दम रोखून बुड्या नकोत.

७. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर उभं राहू नका, तो दगड नाही, जिवंत आहे.

आणि जोडीदार बेशुद्ध झालाच तर? चेहरा पाण्याबाहेर, मास्क काढा, हनुवटी वर, गालावर फुंकर आणि नावानं हाक. बहुतेक वेळा काही सेकंदांत श्वास सुरू होतो. नाही झाला तर तोंडानं श्वास द्या, किनाऱ्यावर आणा, १०८ ला फोन करा.

दोस्तहो, ट्रिप वर्षातून एकदा. विहीर आणि शेततळं मात्र प्रत्येक सुट्टीत आहे. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, तिथं तर उतरूच नका. आणि उन्हाळ्यात गावी गेल्यावर धाकटा भाऊ पैजेसाठी भराभर श्वास घेताना दिसला, तर त्याला आधी थांबवा आणि बेलच्या वायरची गोष्ट सांगा. बॉइल परीक्षेत पाच मार्कांना येतो, पाण्यात मात्र तो कंपल्सरी आहे.