शेवटच्या चारशे ग्रॅमसाठी

खामगाव किंवा मलकापूरच्या पंपावर रिकामा होणारा 12 हजार लिटरचा टँकर सुमारे दहा टन डिझेल आणतो. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये एक टक्का गंधक चालत असे. म्हणजे अशा एका टँकरमागे शंभर किलो. भारत स्टेज-4 या प्रदूषण मानकात ही मर्यादा 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50), म्हणजे टँकरमागे अर्धा किलो झाली आणि 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या स्टेज-6 मध्ये 10 पीपीएम, म्हणजे शंभर ग्रॅम. या शेवटच्या चारशे ग्रॅमसाठी सरकारी तेल कंपन्यांनी रिफायनऱ्यांवर सुमारे 35 हजार कोटी रुपये खर्चले. ही उधळपट्टी वाटू शकते. त्यातून हे शेवटचे गंधकच सर्वांत हट्टी. माहुलसारख्या रिफायनरीत डिझेल आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली, साडेतीनशे अंशांच्या आसपास उत्प्रेरकावरून नेतात. गंधक हायड्रोजनला चिकटून वायुरूपात निघते आणि पुढे त्याची पिवळी भुकटी होते, जी खत कारखान्यांना लागते. साधी संयुगे चटकन तुटतात; पण काही रेणूंत गंधकाच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट आडवे येतात आणि उत्प्रेरक तिथवर पोचतच नाही. म्हणून जास्त दाब, जास्त हायड्रोजन, मोठी भट्टी.

तरीही खर्च योग्य ठरतो, कारण खरा फायदा इंजिनाच्या मागे आहे. काजळी अडवणारी गाळणी आणि नायट्रोजन ऑक्साइड मोडणारा उत्प्रेरक गंधकाने निकामी होतात. ही यंत्रणा टिकली म्हणूनच जड वाहनांची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला 3.5 वरून 0.4 ग्रॅमवर आणता आली. समृद्धी महामार्गावरून मेहकर, सिंदखेडराजा ओलांडणाऱ्या नव्या ट्रकांचा धूर त्यामुळे कमी आहे. हायड्रोजन बनवताना कार्बन डायऑक्साइड निघतो, हा आक्षेप खरा आहे. पण फुप्फुसात जाणाऱ्या काजळीचे उत्तर त्याने मिळत नाही. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुणही घटतो, पंप झिजतात, ही मेकॅनिकांची तक्रारही रास्त होती. त्यासाठी रिफायनरीतच वंगणद्रव्य मिसळतात. जुन्या ट्रॅक्टरला मात्र या डिझेलाचा लाभ थोडाच, कारण त्याच्यावर गाळणीच नाही. शेतातला धूर म्हणूनच लवकर हटणार नाही.

नव्या ट्रकचा मालक मात्र हे सारे एका दिवसात वाया घालवू शकतो. नायट्रोजन ऑक्साइड मोडणाऱ्या उत्प्रेरकाला लागणाऱ्या ‘युरिया’चा खर्च वाचवायला त्याचा सेन्सर बंद करून घेणे किंवा रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे बनावट बायोडिझेल भरणे, दोन्ही टाळा.