पुसली गेलेली गर्दी

1838 साली पॅरिसमध्ये लुई दागेरने खिडकीतून बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्यावर कॅमेरा रोखला. नाटकगृहांचा, घोडागाड्यांचा, सदा गजबजलेला रस्ता. फोटोत मात्र जवळपास चिटपाखरू नाही!

गर्दी होतीच. पण चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात जो हलला त्याचा मागमूसही उरत नसे. एक माणूस तेवढा टिकला, कारण तो बूट पॉलिश करून घेत उभा होता. तारायंत्रवाल्या सॅम्युअल मोर्सने 1839 मध्ये हे चित्र पाहिलं आणि पत्रात लिहून ठेवलं, की त्या माणसाचे बूट आणि पाय स्पष्ट आहेत, पण धड-डोकं नाही, कारण ते हलत होतं. दादरच्या फुलबाजारात हा कॅमेरा लावला असता तर घासाघीस करणारी गिऱ्हाइकं गायब आणि हातगाडीवर आडवा झालेला हमाल तेवढा ठसठशीत.

मग बाजार फोटोत आला कसा? शार्ल नेग्र मुळात चित्रकार. 1851च्या सुमारास त्याने पॅरिसच्या नगरभवनाजवळ, सीन नदीच्या धक्क्यावर भरलेला बाजार टिपला. त्यासाठी जास्त प्रकाश आत घेणारी भिंगं जुळवली. माणसं धूसर आहेत, उजेड-सावलीचे नुसते डाग म्हणा ना. पण बाजार भरलाय, यात शंका नाही. मला तरी ही धूसरताच जिवंत वाटते.

पुढची युक्ती आकाराची. चित्र उमटवायची काच लहान आणि भिंग जवळच्या नाभीचं असलं, की चालत्या माणसाची प्रतिमा काचेवर केसभरच सरकते. शिवाय तो कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल तर आणखी कमी. दोन डोळ्यांनी पाहायच्या छोट्या जोडचित्रांना हे फावलं. 1859 मध्ये एडिनबरात जॉर्ज वॉशिंग्टन विल्सनने आणि न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड अँथनीने भररस्त्यातली वर्दळ पकडली, पाऊल हवेत असलेल्या माणसांसकट.

ही चित्रं बोस्टनच्या डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्सने बारकाईने न्याहाळली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, पाय गमावलेल्या सैनिकांना कृत्रिम पाय हवे होते. माणूस नेमका चालतो कसा, टाच कधी टेकते, गुडघा कधी वाकतो, हे त्याने अनोळखी वाटसरूंच्या पावलांवरून ताडलं आणि 1863 मध्ये लिहून छापलं. त्यातल्या काही अवस्था इतक्या विचित्र होत्या, की कुठल्याही चित्रकाराला त्या काढायचं धाडस झालं नसतं.